सव्वाअडतीस इंच

"हात वर कर."

"अण्णा, हात वर होत नाहीत."

"होतील तेवढे कर."

सकाळचे साडेसहा वाजले होते. माझ्या पाठीमागे तीन उशा होत्या, गुडघ्यांखाली दोन. पोटाच्या खालच्या बाजूने, या कमरेपासून त्या कमरेपर्यंत, ताजी शिवण होती, आणि तिच्या दोन्ही टोकांकडून एकेक नळी बाहेर आली होती. नळ्यांच्या शेवटी डाळिंबाएवढे प्लॅस्टिकचे फुगे लोंबत होते, आणि त्यांत तांबूस पाणी जमत होतं. पोटावरचा पट्टा दिवसातून एकदा, अंग पुसण्यापुरता उघडायची परवानगी होती. तो उघडला रे उघडला की माझे वडील गळ्यातली टेप काढून माझ्यावर वाकायचे.

"साडेअडतीस," ते खणखणीत आवाजात म्हणाले. खोलीत आम्ही दोघंच होतो, पण समोर कुणीतरी वही घेऊन बसलंय अशा थाटात. "कालच्यापेक्षा पाव कमी."

"कशासाठी मोजताय पण?"

"असू दे."

माझे वडील, दामोदर बगाडे, फलटणला शिंपीकाम करायचे. त्या वेळी ते अडुसष्ट वर्षांचे होते आणि दुकान रोज उघडत होते. मी सदतीस वर्षांचा, एकटा, चिंचवडला एका कारखान्यात ड्रॉइंगच्या खात्यात नोकरीला. तीन वर्षांपूर्वी माझं वजन एकशे एक्केचाळीस किलो होतं. चालून, भात सोडून, जिभेशी रोज भांडून मी ते ब्याऐंशीवर आणलं. चरबी गेली, पण तिच्यावरची कातडी गेली नाही. ती पोटाखाली घडी होऊन लोंबायला लागली. उन्हाळ्यात घडीच्या आत पुरळ यायचं, पळायला गेलं की ती वेगळी पळायची. म्हणून श्रावणाच्या सुरुवातीला मी रजा काढली आणि ती कापून घेतली. शिल्लक कातडी ताणून खाली शिवली, आणि बेंबीसाठी नवीन जागा करून दिली.

हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. ऑफिसात हर्निया म्हणून सांगितलं, शेजारी हर्निया म्हणून सांगितलं. फक्त बहिणीला, रेवतीला, खरं सांगितलं, कारण दवाखान्याच्या कागदावर नातेवाइकाची सही लागत होती. ती बेळगावहून आली, सही केली, दोन दिवस थांबून परत गेली. जाताना मी तिला तीनदा बजावलं, अण्णांना कळता कामा नये.

मी घरी आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी दाराची बेल वाजली. मी भिंत धरत, कमरेत वाकलेला, दोन्ही फुगे हातात घेऊन दारापर्यंत पोचलो, तर बाहेर अण्णा उभे. एका हातात पिशवी, काखेत स्वतःची उशी.

त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. म्हणाले, "ताठ उभा राहा की."

"राहता येत नाही. आठ-दहा दिवस असंच चालायचंय. टाके ताणतात."

"मग कापड कमी पडलंय त्याला," असं म्हणून ते आत आले.

मी रेवतीला फोन लावला. "सांगू नकोस म्हटलं होतं ना?"

"मी नाही सांगितलं. त्यांनी विचारलं."

"काय विचारलं?"

"मुकुंदाचा आवाज असा का येतोय, असं विचारलं. मग काय सांगू, तू सांग."

तिच्याशी वाद घालायलासुद्धा पोटात जोर लागतो, हे तेव्हा कळलं. शिंकायला लागतो, खोकायला लागतो, हसायला तर फारच लागतो. तशी हसायची वेळ पुढच्या आठवड्यात फारशी आली नाही.

पहिल्याच दुपारी अण्णांनी पिठलं केलं. फोडणीत चार मिरच्या टाकल्या. तो धूर माझ्या खोलीत आला आणि मला ठसका लागला. पोटावर उशी दाबून धरून मी खोकत होतो, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि अण्णा दारात झारा घेऊन उभे राहून विचारत होते, "तिखट झालं का?"

संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या देसले काकू भेटायला आल्या. हातात लिंबाच्या लोणच्याची वाटी. खुर्चीत बसून त्यांनी हळहळ व्यक्त केली. "हर्निया वाईटच. आमच्या ह्यांनाही झाला होता. जड उचललं असणार तुम्ही."

"हर्निया नाही ओ," अण्णा म्हणाले. "पोटाची कातडी कापलीय. दोन किलो निघाली म्हणे."

देसले काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"अशी हौसेनं कापतात?" त्यांनी विचारलं.

"कापतात की," अण्णा म्हणाले. "बेंबीपण नवीन बसवलीय. काज करतात तसं गोल कापून. चांगली बसवलीय. दाखव रे."

मी दाखवली नाही. काकू गेल्यावर मी जेवढं ओरडता येत होतं तेवढं ओरडलो. ते फार नव्हतं. पोट न हलवता ओरडायचं म्हणजे गळ्यातल्या गळ्यात फुसफुसणंच होतं.

"तुम्हाला कुणी सांगायला सांगितलं होतं?"

"खोटं कशाला बोलायचं? चोरी केलीय का तू?"

"माझं पोट आहे ना? मग मी ठरवीन कुणाला काय सांगायचं ते."

"बरं," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी दूधवाल्याला सगळं सांगितलं.

शिवण त्यांनी पहिल्यांदा पाहिली तेव्हाचं तर विचारूच नका. चष्मा पुसला, गुडघे टेकून बसले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवली. मला वाटलं, बापाचं काळीज आहे, गलबलून येईल. ते म्हणाले, "डावी बाजू अर्धा इंच वर गेलीय."

"सूज आहे. नंतर बसते, असं डॉक्टरांनी सांगितलंय."

"सुजेनं शिवण वर जात नाही. कापतानाच गेलंय. बाकी टाका बारीक आहे. हात चांगला आहे डॉक्टरबाईचा."

दर सकाळी टेप. दर सकाळी तो आकडा मोठ्याने. अडतीस. साडेसदतीस. सव्वासदतीस. मी डोळे मिटून घ्यायचो. नळ्या सहन होत होत्या, मिरचीची फोडणी सहन होत होती, पण त्या गार पितळी टोकाचा कमरेला स्पर्श झाला की मला दात आवळून पडून राहावं लागायचं. दोनदा मी टेप हिसकावून घेतली. एकदा ती कपाटाच्या मागे टाकली. वाकून काढणं मला शक्य नव्हतं, त्यामुळे लपवण्याची जागा चांगली होती. पण अण्णांनी कपाट सरकवलं.

सातव्या दिवशी दवाखान्यात नळ्या काढल्या. आमच्या सर्जन डॉक्टर सबनीस म्हणून होत्या. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, सगळं छान आहे, पट्टा चालू ठेवा, ताप आला किंवा पोट तटतटलं तर लगेच फोन करा. त्या रात्री मी पहिल्यांदा नीट झोपलो. सकाळी अण्णा म्हणाले, "पावणेसदतीस," आणि मी मनात म्हटलं, चला, आता हे जातील.

गेले नाहीत. दहाव्या दिवशी पट्टा उघडला तेव्हा त्यांनी टेप दोनदा लावली.

"साडेसदतीस."

"म्हणजे?"

"वाढलंय. परवा पावणेसदतीस होतं. काल सदतीस."

"काल रात्री जेवलो जास्त."

"जेवणाचं पोट वर वाढतं. हे खाली वाढलंय."

अकराव्या दिवशी सव्वाअडतीस आलं. अण्णांनी टेप गुंडाळली, खिशात घातली आणि म्हणाले, "कपडे घाल. दवाखान्यात जायचं."

"मला काही होत नाहीये. परवा तपासणीला जायचंच आहे."

"आज जायचं."

"अण्णा, टेप इकडची तिकडे लागली असेल. मी थोडा जास्त सरळ निजतोय आता. म्हणून फरक दिसत असेल."

त्यांचा चेहरा लाल झाला. "पन्नास वर्षं माप घेतोय मी. टेप इकडची तिकडे लागत नाही माझ्याकडून."

"मी येणार नाही," मी म्हणालो. सदतीस वर्षांचा माणूस मी, गादीची कड धरून बसलो. "तुम्ही आल्यापासून माझा जीव नकोसा झालाय. शेजाऱ्यांना सांगता, दूधवाल्याला सांगता, रोज उठून मोजता. मी तुम्हाला बोलावलं होतं का? तुम्ही फलटणला जा."

ते पुढे झाले आणि माझ्या पोटावर, शिवणीच्या जरा वर, तळहात ठेवला. दुसऱ्या हाताच्या बोटाने बाजूला टिचकी मारली. पोट पाण्याने भरलेल्या पिशवीसारखं थरथरलं. त्यांच्या तळहाताला ते जाणवलं, आणि मलाही दिसलं. मग त्यांनी तोच हात माझ्या कपाळावर ठेवला.

"ताप आहे तुला," ते म्हणाले.

सकाळपासून अंगात कसकस होती, हे मला माहीत होतं. मी सांगितलं नव्हतं.

रिक्षात मी एका कुशीला कलून बसलो होतो, आणि अण्णा रिक्षावाल्याला प्रत्येक खड्ड्याच्या आधी "हळू" म्हणत होते. खड्डे त्यांना त्याच्या आधी दिसत होते. शेवटी तो म्हणाला, "आजोबा, तुम्हीच चालवता का?"

डॉक्टर सबनीसांनी पोट दाबून पाहिलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "कधीपासून?"

मी तोंड उघडायच्या आत अण्णांनी आठव्या दिवसापासूनचे आकडे सांगितले. पावणेसदतीस, सदतीस, साडेसदतीस, सव्वाअडतीस. डॉक्टरांनी तेव्हा पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"कातडीच्या खाली पाणी साठलंय," त्या म्हणाल्या. "नळ्या काढल्यावर होतं कधीकधी, कुणाची चूक नसते. पण यात जंतूंची लागण सुरू झालीय. अजून दोन दिवस थांबला असतात तर शिवण उसवून सगळं धुवावं लागलं असतं. आता सुईने काढून बघू."

मला आतल्या खोलीत स्ट्रेचरवर झोपवलं. डॉक्टरांनी अण्णांना बाहेर थांबायला सांगितलं, तर ते म्हणाले, "मी कात्रीतला माणूस आहे. मला काही होत नाही." नर्सबाईंनी मोठी सुई उघडली. डॉक्टरांनी ती माझ्या पोटात खुपसली. तो भाग अजून बधिर असल्यामुळे मला फारसं काही कळलं नाही. नळीतून गढूळ, पिवळट पाणी यायला लागलं आणि त्याच क्षणी माझ्या डाव्या बाजूला धप्प असा आवाज झाला.

"अहो, आजोबा पडले!" नर्सबाई ओरडल्या.

"तुम्ही हलू नका," डॉक्टर मला म्हणाल्या. सुई माझ्या पोटात होती. मी मान वळवून पाहिलं तर अण्णांचा चप्पल घातलेला फक्त एक पाय दिसत होता. मी "अण्णा, अण्णा" म्हणून हाका मारत होतो, आणि डॉक्टर "हलू नका, बोलू नका" म्हणत होत्या. दोन माणसांनी त्यांना उचलून शेजारच्या स्ट्रेचरवर टाकलं, पाय उंच केले, तोंडावर पाणी मारलं. नुसती घेरी होती. सकाळपासून त्यांनी चहासुद्धा घेतला नव्हता, हे नंतर कळलं.

साडेतीनशे मिली निघालं. डॉक्टरांनी पट्टा घट्ट आवळला, सलाइनमधून औषध लावलं आणि म्हणाल्या, "दोघंही अर्धा तास असेच पडून राहा." जाताना नर्सबाईंनी पडदा ओढला.

आम्ही शेजारी शेजारी उताणे पडलो होतो. वर पंखा फिरत होता.

"मला का सांगितलं नाहीस?" अण्णांनी विचारलं. "रेवतीला सांगितलंस."

मी कितीतरी वर्षं जे बोललो नव्हतो ते तेव्हा बोललो. समोर त्यांचा चेहरा नव्हता, म्हणून बोलता आलं.

"तुम्ही हसला होता," मी म्हणालो.

मी दहावीत होतो. शाळेच्या पँटसाठी अण्णांनी मला दुकानात उभं केलं होतं. कमरेला टेप लावून त्यांनी नेहमीच्या आवाजात आकडा सांगितला, त्रेचाळीस. बाकावर एक गिऱ्हाईक बसलं होतं. ते म्हणालं, "बगाडे, याच्या एका पँटीत माझ्या दोन होतील." बाकावरचे सगळे हसले. आणि टेप माझ्या कमरेला असतानाच अण्णाही हसले. त्यानंतर मी त्यांना कधी माप दिलं नाही. पँट नको म्हटलं, आईने कुठून तरी तयार आणली. पुढची बावीस वर्षं, शिंप्याचा मुलगा असून, मी बाजारातले तयार कपडे घातले. अण्णांनी का म्हणून कधी विचारलं नाही. मी धरून चाललो होतो की त्यांना ते आठवतही नसेल.

हे सगळं त्यांना सांगायची वेळच आली नाही. मी "तुम्ही हसला होता" एवढंच म्हणालो होतो. पंखा दोन-चार वेळा फिरला असेल.

"गारळे मास्तर बोलला," अण्णा म्हणाले. "बैलपोळ्याच्या आदल्या दिवशी. मी हसलो."

मी त्यांना दिवस सांगितला नव्हता. माणसाचं नाव तर मलाही माहीत नव्हतं.

"मग इतक्या वर्षांत काही बोलला का नाही?"

"काय बोलणार? हसलोच होतो की."

गिऱ्हाईक हसलं म्हणून हसावं लागलं, धंदा असतो, तू लहान होतास, तुला कळलं नाही. यातलं काहीही ते म्हणाले असते तर माझ्याकडे उत्तर तयार होतं. बावीस वर्षं मी ती उत्तरं घासून ठेवली होती. ते यातलं काहीच म्हणाले नाहीत. त्यामुळे मी चिडून विचारलं ते भलतंच.

"मी दिवाळीला येणार होतो. तुम्हाला माहीत आहे का? सगळं भरून आल्यावर, ताठ चालत, दुकानात येऊन म्हणणार होतो, घ्या माप. तीन वर्षं त्यासाठी चाललोय मी. आणि तुम्ही न बोलावता आलात, आणि सुजलेलं पोट, नळ्या लोंबतायत, तसंच रोज मोजत बसलात. आता काय राहिलं?"

अण्णा कुशीवर वळले. त्यांच्या स्ट्रेचरची चाकं करकरली.

"ते माप होय?" ते म्हणाले. "ती नुसती देखरेख होती. माप कपड्यासाठी घेतात."

मग पडदा सरकवून नर्सबाई आल्या आणि आमच्या दोघांवर ओरडल्या, एकाला बोलू नका सांगितलं होतं, दुसऱ्याला हलू नका सांगितलं होतं.

मला पाच दिवस दवाखान्यात ठेवलं. आणखी दोनदा पाणी काढावं लागलं, त्या दोन्ही वेळी अण्णांना बाहेर बसवलं. घरी आल्यावर ते आणखी तीन आठवडे राहिले. फोडणीत मिरची टाकत राहिले. देसले काकूंना पोटातून किती पाणी निघालं ते मिलीमध्ये सांगितलं. पण टेप त्यांनी पुन्हा गळ्यात घातली नाही, आणि मी सरळ चालायला लागलो त्याच्या दुसऱ्या दिवशी उशी काखेत मारून फलटणला गेले.

दिवाळीच्या बारा दिवस आधी, रविवारी सकाळी, मी दुकानाच्या पायऱ्या चढलो. मनात खूप काही ठरवलं होतं. अण्णा एका पोरगेल्या नवरदेवाच्या खांद्यांचं माप घेत होते. बाकावर पाच माणसं होती. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"बस," ते म्हणाले. "नंबर आहे."

"अण्णा, मी पुण्याहून आलोय."

"हे बरडहून आलेत. बस."

पाऊण तास मी बाकाच्या टोकाला बसून होतो. प्रत्येक गिऱ्हाइकाचा आकडा मोठ्याने ऐकत होतो. छाती चाळीस, कंबर चौतीस, उंची एकोणचाळीस. शिवणयंत्रावर बसलेले त्यांचे जुने कारागीर तो वहीत लिहून घेत होते. माझा नंबर आला तोवर मी इतका वैतागलो होतो की ठरवलेलं सगळं विसरलो. बाकावर तेव्हा आणखी चार माणसं येऊन बसली होती.

मी समोर उभा राहिलो. अण्णांनी खांदा घेतला, मोठ्याने सांगितला. बाही घेतली, सांगितली. छाती सांगितली. मग ते खाली वाकले, टेप कमरेभोवती फिरवली, समोर आणून जुळवली, आणि बघितलं. कारागीर पेन्सिल धरून थांबले होते. बाकावरची माणसंही बघत होती.

अण्णा उठले, वही त्यांच्या हातून घेतली, स्वतः काहीतरी लिहिलं आणि मिटली.

"किती आली?" मी विचारलं.

"तुला काय करायचंय?" ते म्हणाले. "शिवायचंय मला. सरक, पुढचा येऊ दे."